नखभर वर

२ फेब्रुवारी
दादानं गाडी आणली. चालवत नाही – ओढून.

टोचन गाडीवाला म्हणाला, भंगारवाल्याचा पत्ता चुकलात काय? दादा म्हणाला, हाच पत्ता. आणि गाडी माझ्या शेडमध्ये ढकलली.

उघड्या टपाची, दोन दारांची. टप म्हणजे चिंध्या. रंग कधीकाळी लाल असावा, आता विटकरीच्या चुऱ्यासारखा. पुढचा बंपर तोंडातला दात पडल्यासारखा एका बाजूनं लोंबतोय. इंजिन मात्र चालतं म्हणे.

दादाला ही 'स्पेशल' करून हवी आहे. स्पेशल म्हणजे याच गाडीची कारखान्यानं काढलेली शर्यतीच्या थाटाची बहीण. एकच वर्ष निघाली. दादा त्या कारखान्यात दारं बसवायचा. आख्खी नोकरी दारं! त्या वर्षी स्पेशलची ड्रायव्हरकडची दारं त्याच्या हातून गेली. बसवली शेकड्यांनी, पण त्यातल्या एकीत बसून फाटकाबाहेर काही तो गेला नाही.

वहिनी पाठोपाठ आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "ही ती नाही. ती हिरवी होती."

दादा म्हणाला, "होईल हिरवी."

वहिनींच्या कसं लक्षात राहिलं कोण जाणे.

५ फेब्रुवारी
दादा कप दोन्ही हातांनी धरतो.

पूर्वीही धरत असेल, माझं लक्ष नसेल, असं मनाला सांगून पाहिलं. पण आज नट उचलताना तीनदा सांडला. मी पाठ फिरवून स्प्रे गन धूत बसलो. स्वच्छच होती.

त्याची एकच अट आहे. बाकी सगळं मी करायचं, पण ड्रायव्हरचं दार तो बसवणार. हो म्हणालो. काय म्हणणार? सायकल शिकवताना माझ्या सीटला मागून धरून पळणारे हेच हात. सोडले कधी ते कळूही दिलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी
पुढची जाळी झाली. कारखान्याची मिळत नाही, मी पत्र्याची कापली. मागच्या झाकणावरचा शर्यतीचा पंखही बसवला – तो फायबरचा आहे, पण पुट्टी भरून, घासून असा एकजीव केला की बोटाला सांधा लागत नाही. दादानं बोट फिरवलं. बोट थरथरत होतं, पण मान हलली. दादाची मान हलणं म्हणजे दुसऱ्यानं पाठ थोपटणं.

सीटवरून मात्र वाद. स्पेशलची सीट खाली, जवळजवळ तळाला टेकलेली असते. मी ड्रायव्हरची सीट उतरवायला काढली तर म्हणतो, राहू दे. म्हटलं, सगळं तिच्यासारखं आणि सीट टांग्यासारखी? म्हणतो, गुडघे दुखतात. पस्तीस वर्षांत गुडघ्याचं नाव काढलं नाही यानं.

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. "जेवा, म्हातारी पोरं हो." जाताना शेडच्या दाराला धरून पायरी उतरल्या. दार करकरलं. दादा म्हणाला, "हिच्या शाळेच्या व्हॅनचं दार मी दर वर्षी उचलून द्यायचो. दाराला लोंबकळल्याशिवाय ही खाली उतरतच नाही."

वहिनी म्हणाल्या, वीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळून नेली-आणली, एक दार खाली आलं तर बिघडलं कुठं!

२० फेब्रुवारी
अवकाळी पाऊस. रंग लावता येत नाही. दादा येऊन नुसता गाडीत बसला. मीही शेजारी बसलो. बरं वाटलं.

१ मार्च
बिल्ल्याचा विषय निघाला. मागच्या झाकणावर स्पेशलचं नाव असतं. मी म्हटलं, करून देतो, कुणाला कळणार नाही.

दादा म्हणाला, "नाव नको. कुणी विचारलं तर सांगायचं – साधीच आहे, बहिणीचे कपडे घातलेत."

घरी आल्यावर देवापुढे बसलो तरी तेच डोक्यात. नक्कल करणं खोटं आहे का? गावच्या शाळेत सातही इयत्ता एका खोलीत बसायच्या. मास्तर कित्ता द्यायचे आणि आम्ही त्याखाली तसंच अक्षर काढायचो. त्याला कुणी चोरी म्हटलं नाही. आईचा फोटो म्हणजे आई नव्हे, हेही ठाऊक असतं. तरी पुसताना हात हळू होतो. मला वाटतं, खोटं असेल तर ते नावात असतं, रूपात नाही. दादाला हे माझ्याआधी कळलं होतं, आणि देवापुढे बसावंही लागलं नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, गाडीचा रंग कोणता ठरला ते सांगा आधी.

१४ मार्च
हिरवी! गडद, तळ्याच्या पाण्यासारखी. तीन हात दिले. धूळ बसू नये म्हणून शेडभर पाणी मारून ठेवलं होतं.

सायीच्या रंगाचा पट्टा अजून बाकी आहे. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, मधे दारावरून जातो. दादाचं म्हणणं, कारखान्यात दारं वेगळी रंगून यायची, पट्ट्यासकट. मग गाडीवर चढायची. तसंच करायचं. म्हणजे दार टेबलावर ठेवून पट्टा मारायचा आणि मग बसवायचं. मी म्हटलं, उलट्या हातानं घास कशाला? दार लावूनच एका रेषेत मारू. नाही म्हणाला.

तसंच केलं. मापं दोनदा घेतली. रेष सरळ आली की मला अजून मास्तर आठवतात.

२२ मार्च
आज दादानं दार बसवलं.

मी खालून जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून दार तोलून धरलं. त्यानं बिजागरीचे बोल्ट लावले. हात थरथरतोय तर त्यानं खांदाच दाराला लावला आणि मनगट मांडीवर टेकवून पाना फिरवला. घामानं सदरा भिजला. मी मधे एकदा हात पुढे केला तर नुसतं बघितलं माझ्याकडे. मागे घेतला.

दार लागलं. आवाज छान – भरलेला, एकच.

पण पट्टा! दाराच्या मागच्या टोकाला पट्टा वर गेलाय. नखभर नाही, चांगला दीड नख. पुढून येणारी रेष दारावर चढते आणि मागच्या पत्र्यावर पुन्हा खाली उतरते. लांबूनही दिसतं.

म्हटलं, दादा, जरा वर राहिलंय.

"असू दे," म्हणाला आणि हात पुसून घरी गेला.

डोळेही गेले की काय याचे? हिच्यापाशी बोलूनही दाखवलं. म्हातारा व्हायला याला अजून अवकाश आहे असं मी धरून चाललो होतो.

२३ मार्च
दादा दवाखान्यात गेला होता. मी दार ढिलं करून खाली घेतलं. रेष जुळली. उद्या त्यानं पाहिलं तर वाटेल, आपलंच बरोबर होतं. नाहीतर कळणारही नाही.

देवापुढे बसवेना आज.

२४ मार्च
कळलं.

आला, दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. पट्ट्याकडे पाहिलंही नाही – आवाजावरूनच कळलं त्याला. मग बोल्टवर बोट ठेवलं. माझा पाना बोल्टच्या कडेला चरा पाडतो, त्याचा कधी पाडत नाही.

चहा ठेवला तर म्हणाला, नको, घरी घेईन. एवढंच.

मारलं असतं तर परवडलं असतं.

२८ मार्च
दादा चार दिवस नाही. वहिनींचा फोन. "भाऊजी, भांडलात का? हे खिडकीपाशी बसून असतात. विचारलं तर म्हणतात, माझं आता तिथं काय काम."

मी म्हटलं, येतो. गेलो नाही. तोंड कुठलं घेऊन जाऊ?

३ एप्रिल
दातवाले डॉक्टर आले. मागच्या पत्र्यावरचा ओरखडा काढून हवा म्हणून. त्यांची गाडी बघितली आणि माझ्या हातातलं फडकं खाली पडलं – स्पेशल! खरी. तशीच हिरवी.

ओरखडा राहिला बाजूला, मी आधी ड्रायव्हरच्या दारापाशी गेलो. पट्टा मागच्या टोकाला वर. नखभर.

डॉक्टर म्हणाले, सगळ्यांच्या अशाच आहेत. सरळ करून देतो म्हणणारे भेटतात, पण मी करू देत नाही. जाणकार लोक आधी तेच बघतात म्हणे – रेष जुळत असेल तर दार बदललेलं आहे असं समजायचं!

ओरखडा काढून दिला.

४ एप्रिल
सकाळीच दादाकडे. उंबऱ्यातच सांगून टाकलं – चुकलो. डॉक्टरांची गाडी पाहिली तेही सांगितलं.

दादानं ऐकून घेतलं. मग हसायला लागला. इतका की वहिनी आतून बाहेर आल्या.

गोष्ट अशी. दार वापरून वापरून खाली बसतं. म्हणून जुना दारवाला ते मुळात जरा वर बसवतो. वर्षभरात आपोआप रेषेत येतं. दादाच्या हाताला तीच सवय. पण स्पेशलची दारं हलक्या पत्र्याची, ॲल्युमिनियमची. ती खाली बसतच नाहीत! साहेबांनी विचारलं तर यानं छातीठोकपणे सांगितलं – बसेल, साहेब. गाड्या गेल्या जगभर. एकही दार बसलं नाही अजून.

"म्हणजे चूकच की ती," मी म्हटलं.

"चूक कशी? दार वापरायचं असतं हे धरून बसवलं. त्यांनी बसणारं दार दिलं नाही, त्याला मी काय करू?"

जेवूनच निघालो. दादा बरोबर आला.

५ एप्रिल
दार पुन्हा वर चढवलं. मी तोललं, त्यानं बोल्ट लावले.

एक गोष्ट फक्त या पानालाच सांगतो. डॉक्टरांच्या गाडीला नखभर आहे. दादानं आजही दीड नखच ठेवलं. मी पाहिलं, त्यानंही पाहिलं. हाताचा दोष असेल तर असू दे. त्याच्या हाताचा आहे ना? मग मला तो पट्ट्यापेक्षा प्यारा आहे.

प्रार्थनेला बसलो. बसवलं.

१९ एप्रिल
गाडी बाहेर काढली. नवा टप, काळा, मागे दुमडलेला. गल्लीतली माणसं गोळा झाली. एकानं विचारलंच, खरी का? दादानं बहिणीच्या कपड्यांचं सांगितलं. हशा.

मी किल्ली त्याच्यापुढे धरली. त्यानं घेतली आणि वहिनींच्या हातात दिली.

"दवाखान्यातले डॉक्टर नको म्हणालेत," म्हणाला. "तू चालव."

वहिनी म्हणाल्या, मला नाही जमायचं बाई असलं. म्हणता म्हणता दार उघडून बसल्यासुद्धा. आरसा नीट केला, जसा वीस वर्षं व्हॅनचा करत असतील. दादा शेजारच्या सीटवर. वळणावर हॉर्न दिला त्यांनी, उगाचच, दोनदा.

मी शेडमध्ये येऊन बसलो. इतकं करून बिचाऱ्याला स्वतः चालवता येऊ नये! ही म्हणाली, तुम्ही त्यांचा चेहरा पाहिला नाहीत का? मी पाहिला नव्हता. माझे डोळे भरले होते.

२ जून
वहिनी रोज गाडी काढतात. भाजीला, दवाखान्याला, कुठेच नाही तिथं. डोक्याला रुमाल बांधून. दादाचा हात आता मांडीवर ठेवला तरी थांबत नाही. पण वहिनी गिअर टाकतात त्या हातावर तो आपला हात ठेवतो, तेव्हा थोडा थांबतो, असं त्या म्हणाल्या.

आज माझ्याकडे आल्या तेव्हा दाराला पूर्ण भार देऊन उतरल्या. मी दार धरायला धावलो! दादा बघून न बघितल्यासारखं करत होता.

११ नोव्हेंबर
दादा-वहिनी आले होते. उन्हात गाडी उभी. सहज नजर गेली – पट्टा सरळ! पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत एक रेष. खाली बसून बोट फिरवलं. केसाचाही फरक नाही.

म्हटलं, दादा, दार बसलं.

म्हणाला, "बसणारच. मी हिच्या लोंबकळण्याच्या हिशेबानं ठेवलं होतं."

वहिनी म्हणाल्या, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जानेवारीतच यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं, भाऊजी. तुम्हाला बोलले नव्हते?

जानेवारीत. आणि भंगार ओढून आणलं ते फेब्रुवारीत.