बाकावरचे काका

मंगळवार, ११ जून
सुट्टी. पाऊस होता तरी कॅमेरा घेऊन सिटीत गेलो. लायब्ररीच्या प्रदर्शनाला शहराचा फोटो द्यायचाय, माणशी एकच. २१ला शेवटचा दिवस. आधी दोनदा नापास झालोय. आओटेआ स्क्वेअरच्या मोठ्या चौकात ऊन पडलं आणि मी नेमका चुकीच्या टोकाला. इतकी वर्षं ऑकलंडमध्ये राहून डोक्यातलं ऊन अजून नाशिकचंच, दक्षिणेकडून येणारं. इथे सूर्य उत्तरेने जातो हे दुसऱ्यांना शिकवतो आणि स्वतः विसरतो. समोरचा उंच टॉवर काळाठिक्कर, ऊन थेट लेन्समध्ये. स्वतःला शिव्या घालत काही क्लिक केले, घरी आलो.

संध्याकाळी बघतो तर एक फोटो असा आलाय की बस! ओल्या फरशीवरचं ऊन उलटून बाकावरच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडावर पडलंय. मिटलेली छत्री, वर उडता सीगल, मागे टॉवर. बायकोला दाखवला. केतकी म्हणाली, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ." बरोबर आहे. हॉस्पिटलात एक्स-रे काढताना मी लोकांना सांगतो, श्वास रोखा, हलू नका. रस्त्यावर माझं कोण ऐकतंय?

बुधवार, १२ जून
फोटो साफ करायला म्हणून मोठा केला. बाकावर देशमुख काका आहेत. आपला मित्र मंदार, त्याचे बाबा.
रडतायत. पावसाचं पाणी म्हणून सोडून दिलं असतं, पण ओठ दाबून धरलेत.
काकू गेल्यावर मंदारने त्यांना कायमचं इकडे आणलं. काका दर मंगळवारी इथल्या ज्येष्ठांच्या मंडळात, "आमच्या ग्रुपला" जातात, घरी येऊन किस्से सांगतात. कसे आहात विचारलं की एकच उत्तर, "मजेत!" आम्ही सगळे म्हणतो, काका छान रुळले.
लॅपटॉप बंद केला. परत उघडला. फोटो तरीही आवडतोय, याची लाज वाटते.

शनिवार, १५ जून
मंदारकडे त्याच्या लेकीचा, इराचा वाढदिवस. काका स्वतः श्रीखंड वाढत होते, आग्रह करकरून. मी हळूच विचारलं, "मंगळवारी पावसात सापडलात का हो?"
"छे रे! आम्ही हॉलमध्ये. हाऊजी खेळलो."
इरा म्हणाली, "आजोबा, यू नेव्हर विन!" सगळे हसले, काका सगळ्यांत जास्त.
प्लेटा गोळा करताना मंदार म्हणतो, "बाबांचं काही टेन्शनच नाही यार. एकदम मस्त, स्वीट ॲज."
घरी येताना केतकी म्हणाली, मंदारला सांग. मी म्हटलं, चहाडी होईल. "मग फोटो देऊ नकोस प्रदर्शनाला." यावर मी गाडीतला रेडिओ लावला. त्यावरून तिला काय ते कळलं.

मंगळवार, १८ जून
शिफ्ट बदलून घेतली. काका त्याच बाकावर. शेजारी बसलो, प्रिंट हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला, खूप वेळ बघितलं.
"कोण रे हा? फारच म्हातारा झालाय."
मी सॉरी म्हणालो.
"तू कशाला? चोरी माझी पकडली गेली." मग आपणहून बोलले. ग्रुपला दोनदा गेले होते. माणसं चांगली. "पण त्यांचा विनोद मला कळेपर्यंत पुढचा सुरू झालेला असतो. मी आपला मागून एकटाच हसतो." घरी रडायची सोय नाही. सून रजा काढेल, मंदार डॉक्टर गाठेल. म्हणून इथे. इथे कुणी विचारत नाही.
"मला परत जायचंय, निखिल. बहीण आहे पुण्याला, ती ये म्हणते. पण पोराने माझ्यासाठी एवढं केलं. त्याला कुठल्या तोंडाने सांगू, नाही करमत म्हणून?"
मी सांगू का, विचारलं. नको म्हणाले. "वेळ मी बघतो." प्रिंट जॅकेटच्या आत गेली. वर मला, "प्रदर्शनाला दे हं. छान आलाय." मी म्हटलं, मंदारला कळल्याशिवाय नाही देणार.
"मग थांब जरा."
त्यांचा हात धरायला हवा होता, नाही धरला.

गुरुवार, २० जून
काही खबर नाही. लंचमध्ये चार वेळा फोन बघितला. केतकी विचारते, तुला काळजी काकांची आहे की उद्याची? दोन्हीची. इथे तरी खरं लिहितो.

शुक्रवार, २१ जून
लायब्ररी बंद झाली, फोटो दिला नाही. वाटलं होतं त्याहून जास्त लागलं. कामावरून निघताना मंदारचा मेसेज. "बाबांनी फोटो दाखवला. ये." पुढे काही नाही. चिडलाय की काय, कळायला मार्ग नाही.

त्याच्या घरासमोर गाडीत बसून लिहितोय. पडदे ओढलेले नाहीत. मंदार आधी नुसता येरझाऱ्या घालत होता. आत्ता काकांच्या शेजारी जाऊन बसलाय. काका बोलतायत. सलग बोलतायत, हातवारे करून. मंदारने मान खाली घातलीये. इथून ऐकू काही येत नाही.

आत जावं तर त्यांचं बोलणं तुटेल. न जावं तर मित्र म्हणेल, आग लावून पळाला.

पुन्हा मेसेज. "कुठे आहेस?"

"बाहेरच आहे," असं टाइप केलंय. अजून पाठवलं नाही.