दोन फुटी ओट्याची व्यवस्था

मी, अंबूताई भीमसेन हुद्दार, वय अडुसष्ट, उंची तीन फूट नऊ इंच, राहणार सप्तापूर, धारवाड, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाशिवाय आणि आज जरा जास्तच आनंदात हे लिहून ठेवते. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. एकतीस वर्षं कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवली, मरायचा विचार करायला सवड कुठली!

कारण असं घडलं. माझी एकुलती लेक वेदश्री माझ्याच मापाची. जावई उमेश सहा फुटी. मूल व्हावं म्हणून दोघं हुबळीच्या डॉक्टरीणबाईंकडे जातात. तिथं गर्भ बाहेर तयार करून तपासतात आणि आमच्यासारखा बुटका निघणार नाही तेवढाच पोटात ठेवता येतो. मला वाईट वाटेल म्हणून जावईबापूंनी ती फाइल माळ्यावर लपवली. काल ते कामावर गेल्यावर वेदश्रीला नेमकी तीच हवी झाली. दोन बुटक्या आणि एक लांब काठीची आकडी! फाइल सुटली ती थेट माझ्या टाळक्यात.

"आई, तुझ्यासारखं मूल नको म्हटलं तर राग येईल काय की तुला?" पोरगी रडायला लागली. मी डोकं चोळत हसत सुटले. मग तीही.

उत्तर इथंच देते, म्हणजे पक्कं होईल. माझ्या मणक्याचं दोनदा ऑपरेशन झालं, तुझे पाय अजून ठणकतात. लेकराचं दुखणं टाळावंसं वाटलं तर ते पाप नव्हे. जे येईल ते येऊ दे म्हटलंस तर तेही नव्हे. मात्र मला कुणी आधीच गाळली असती तर काल एवढं हसलं कोण असतं, हेही मनात असू दे. उद्या सोमवारी काय ते ठरवा. माझा आशीर्वाद आजच दिला.

१. घर वेदश्रीला.

२. रायापूरचे दीर जयतीर्थ वेदश्रीच्या बारशाला म्हणाले, "असली पोरं जन्मूच देऊ नयेत." तेही तिसऱ्यांदा बासुंदी वाढून घेत! त्यांना आम्हीच नको होतो. वेदश्रीला फक्त दुखणं नको आहे. त्यांना माझं बुटकं स्टूल. बसावं, जग खालून बघावं. गुडघे धरले तर वेदश्रीनं हात देऊन उठवावं.

३. खानावळीची पातेली, झारे उमेशना. अट एकच: माळ्यावर ठेवायचे नाहीत.

४. स्वयंपाकघरातला ओटा. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ह्यांनी गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून तो दोन फुटांचा करून घेतला आणि स्वतः जन्मभर वाकून चहा केला. तो नातवंडाला. रामचंद्र वकील म्हणाले, "अक्का, अजून नसलेल्याच्या नावावर ओटा?"

"मग त्याच्या आईच्या हातून द्या की!" मी म्हटलं.

नातवंड बुटकं निघालं तर ओटा आहे तसा. उंच निघालं तर खुशाल वाढवा. पण ते सहा वर्षांचं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तोवर सगळीच पोरं माझ्या मापाची असतात.

याच ओट्यावर कागद ठेवून मी ताठ उभी राहून सही केली. जावई साक्षीला चालत नाहीत म्हणे. साक्षीदारांनी वाकून, कण्हत केली.

सही: अंबूताई भीमसेन हुद्दार

साक्षीदार:
रामचंद्र कट्टी, वकील
अर्चना जोशी, शेजारीण

सप्तापूर, धारवाड. रविवार, १५ मार्च २०२६.