बिलोलीला न पोचलेली सही

नांदेड, मंगळवार, सकाळी साडेनऊ

चि. महांतेश यास अक्काचे आशीर्वाद.

हे पत्र लिहायला तूच भाग पाडलंस, म्हणून कारण आधी लिहिते. काल बिलोलीच्या निबंधक कचेरीत हक्कसोड पत्रावर सही करायला मी पोचले नाही. त्यावर संध्याकाळी तू घरच्या ग्रुपवर लिहिलंस की अक्कांनी शब्द मोडला, त्या मुद्दाम आल्या नाहीत, जमिनीचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. खाली जोडलेल्या हातांचं चित्रही टाकलंस. मी फोन केला तर उचलला नाहीस. बावीस माणसांसमोर भांडायची मला सवय नाही (त्यातली निम्मी तिथं फक्त फुलांची चित्रं टाकायला येतात), म्हणून कागदावर लिहिते. कागद शेवटपर्यंत वाचावा लागतो.

तुझं पित्त कसं आहे? रात्रीचं जेवण आठच्या आत करत जा. डाळ मिलमध्ये तोंडाला रुमाल बांधत जा, असं मी दहा वर्षं सांगते आहे आणि तू दहा वर्षं खोकतो आहेस. तुझी तब्येत उत्तम राहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण पुढचं वाचायला ती लागेल.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे कोण कुठं चुकलं ते तुला दिसेल. अप्पा गेल्यावर बिलोलीजवळची आठ एकर जमीन आपल्या दोघांच्या नावावर लागली. माझी चार एकर मी तुला सोडावी असं तू आषाढात म्हणालास, आणि मी हो म्हटलं. सगळ्या बहिणी म्हणतात तसंच म्हटलं. न म्हणावं तर माहेरच्या चहात साखर कमी पडते, हे मी शेजारणींच्या घरी पाहिलेलं आहे. लोक अशा वेळी बहिणीला साडीचोळी करतात. तू मोठ्या मनाचा, म्हणून तू मोटारसायकल दिलीस. तीही कशी, तर तू कार घेतल्यावर दोन वर्षं पायऱ्यांखाली उभी असलेली, नऊ वर्षांची. दसऱ्याला तिला धुतलंस, हार घातलास, दिव्यावर, हँडलवर आणि टाकीच्या झाकणावर ओल्या विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढलेस, नारळ फोडलास आणि तुझे दाजी चावी घेताना फोटो काढून ग्रुपवर टाकलास. बावीस जणांनी अंगठे दाखवले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की कागदावरही अंगठाच हवा आहे.

गाडी आल्यापासून गावातही मधूनमधून बंद पडायची. भाजी घेऊन येताना पुलावर, गॅस एजन्सीसमोर, एकदा तर लग्नाच्या वरातीत बँडच्या आणि घोड्याच्या मधोमध. तुला फोन केला की तू म्हणायचास, थंडीचं होतं अक्का. ऑक्टोबरात नांदेडला कसली थंडी पडते ते मी विचारलं नाही. तुझे दाजी (उमाशंकरराव, ज्यांनी आयुष्यात कुठल्याही यंत्राला आवाज चढवला नाही) खाली उतरून तिला थोपटायचे, बैलाला थोपटावं तसं, आणि पाच-दहा मिनिटांनी ती निघायची.

काल सोमवारी आम्ही साडेसातला निघालो. कचेरीतली आपली वेळ साडेअकराची होती. मी एसटीनं जाऊ म्हणत होते. पण आदल्या दिवशी तुझा फोन आला, “अक्का, गाडी कशाला दिलीय मग? गाडीवरच या, गावातले बघतील तर.” म्हणून गाडीवर निघालो, टाकी काठोकाठ भरून. माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत तुझ्या वकिलानं पाठवलेला हक्कसोड पत्राचा पाच पानी मसुदा.

मारतळ्याच्या अलीकडे गाडी पहिल्यांदा बंद पडली. आधी उचक्या दिल्यासारखी झाली, मग गप्प. तुझ्या दाजींनी टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं, गाडी दोन्ही बाजूंना हलवली, पेट्रोल डचमळल्याचा आवाज ऐकून समाधान पावले, झाकण लावलं आणि किक मारली. चालू झाली. “हलवलं की होतंय बघ,” असं त्यांनी पुढच्या बारा किलोमीटरमध्ये मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायच्या आत ती कृष्णूरजवळ बंद पडली.

तिथं एक पंक्चरवाला होता. त्यानंही आधी झाकण उघडून पेट्रोल बघितलं (पुरुषांना एकमेकांच्या टाकीत डोकावल्याशिवाय बोलायला सुचत नाही), मग झाकण लावून प्लग काढला, काडेपेटीच्या कडेवर घासला, फुंकला आणि परत बसवला. गाडी चालू झाली. “पिलग काळं पडलं होतं मावशी. आता हैदराबादपर्यंत बघायचं काम न्हाई,” म्हणाला. हैदराबादचं मला माहीत नाही. आम्ही घुंगराळ्यापर्यंत गेलो.

घुंगराळ्यात तुझ्या दाजींनी पाऊण किलोमीटर गाडी ढकलली आणि मी मागून पिशवी घेऊन चालले. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण वेग कमी करून एकच विचारायचा, पेट्रोल हाय का. मी शेवटी शेवटी उत्तर देणं सोडून दिलं. तिथं व्यंकट नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज आहे. त्यानं झाकण उघडून पेट्रोलचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळा कारबोरेटर उतरवून वर्तमानपत्रावर मांडला. त्याची हत्यारं कमी आणि मतं जास्त. “काकू, ह्याच्यात कचरा हाय. लई दिवस कुणी हात लावला न्हाई जणू.” मी म्हटलं, कचरा दाखव. त्यानं बोटाच्या टोकावर एक काळा कण दाखवला. तो त्याच्या बोटाचाच होता. मी पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली आहेत. नमुना कुठला आणि भांड्याला आधीच चिकटलेलं काय, हे मला कळतं. पण गाडी चालू झाली, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं. चालू झालेल्या गाडीपुढं बी.एस्सी.चं काही चालत नाही.

एव्हाना अकरा वाजून गेले होते. तुझे फोन सुरू झाले. “अक्का, कुठवर आलात? साहेबांचं काही खरं नसतं, कधीपण उठतात.” मी म्हटलं, गाडी बंद पडते आहे. तू म्हणालास, “माझ्या हातात कधी पडली नाही.” म्हणजे दोष गाडीचा नाही, आमच्या हाताचा. महांतेश, त्या वाक्यावर मी काल दिवसभर आणि रात्री बारापर्यंत उत्तर शोधत होते. ते आत्ता सापडलं: पायऱ्यांखाली उभी असलेली गाडी कुणाच्याच हातात बंद पडत नाही.

घुंगराळ्यापासून मी तिच्यावर विश्वास ठेवणं सोडलं आणि नोंद ठेवायला घेतली. दुसरा कागद नव्हता, म्हणून मसुद्याच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत बारा किलोमीटर, पुढं पुन्हा बारा. कचरा असा मोजून अडकत नाही. प्लगला किलोमीटर मोजता येत नाहीत. नायगाव मागं टाकून ती बरोबर बाराव्या किलोमीटरला थांबली, तेव्हा मी तुझ्या दाजींना सांगितलं की कशालाही हात लावायचा नाही, थोपटायचंही नाही, आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन बसले.

तिथं धोंडाबाई नावाची एक बाई पेरू विकत बसली होती. मी पाणी मागितलं. तिच्याजवळ तोटीचा प्लास्टिकचा कॅन होता. तिनं तोटी सोडली, दोन धारा आल्या आणि पाणी थांबलं. मी म्हटलं, संपलं वाटतं. “संपंल कसं बाई, सकाळीच भरलाय. वरचं टोपण ढिलं केल्याबिगर खाली येतंय का ते?” असं म्हणून तिनं टोपण अर्धा आटा फिरवलं, आणि पाणी भसाभसा आलं. वर माझ्या पदवीला टाचणी लावली, “एवढं बी ठाव न्हाई का तुमाला? शिकल्या-सवरलेल्या दिसता.”

मी तांब्या तिथंच ठेवला. सकाळपासून तीन जणांनी तीन उपाय केले होते, आणि तिघांनीही उपायाआधी एकच गोष्ट केली होती: टाकीचं झाकण उघडलं होतं. मी तुझ्या दाजींना आधी झाकण न उघडता वीस किका मारायला लावल्या (खात्री करावी लागते, आणि ते सकाळपासून हलवण्याच्या यशावर फार बोलले होते). गाडी हूं की चूं करेना. मग मी चावी लावून झाकण उघडलं. टाकीनं सुस्कारा सोडल्यासारखी हवा आत ओढली. पहिल्या किकेला गाडी चालू.

झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत यावी लागते. हवा आली नाही तर टाकी भरलेली असूनही पेट्रोल खाली उतरत नाही. ते भोक विभूतीनं गच्च बुजलं होतं, वाळून गिलाव्यासारखं. दसऱ्याला तीन बोटांनी ते पट्टे तू ओढलेस, आणि तिथून आमचे हाल सुरू झाले. मी साडीची पिन काढून भोक मोकळं केलं आणि निघालेली विभूती कागदाच्या पुडीत ठेवली. तोवर साडेबारा वाजले होते आणि साडेअकराची वेळ टळून गेली होती.

तेव्हा शब्द मी मोडला नाही, तुझ्या गाडीनं मोडला. तू आज ग्रुपवर बावीस जणांसमोर तसं लिहायचं आहे, हात न जोडता. आणि गाडी मी परत पाठवते आहे. ज्याच्या हातात ती बंद पडत नाही त्यानंच ती चालवावी.

कळावे. मुलांना आशीर्वाद.

तुझी अक्का,
शांतम्मा

ता. क. पत्र तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत बसले, म्हणजे काहीतरी चुकलं आहे. चुकलं ते लिहिते. दसऱ्याला तू विभूती लावलीस हे खरं. पण नंतरचे सात सोमवार मी लावली, आणि काल शुभकामाला जायचं म्हणून दोनदा. झाकणावरची जागा सपाट असते, पट्टे चांगले उठतात. तेव्हा गाडीला दोष नाही, आणि भोक बुजवण्यात तुझ्यापेक्षा माझा हात मोठा.

ता. क. दुसरं. एक लिहिलं तर दुसरंही लिहायला हवं. साडेबाराला गाडी ठीक झाली तेव्हा बिलोली अर्ध्या तासावर होती. साहेब पाचपर्यंत बसतात, आणि पाच मिनिटांपूर्वीच तू फोनवर म्हणाला होतास, उशीर झाला तरी या, मी सांगून ठेवलंय. मी नोंद पुरी करायला मसुदा उलटला आणि पहिल्यांदा पुढची बाजू वाचली. गट नंबर दोनशे बारा, विहिरीसह. त्या विहिरीचं पाणी अप्पांनी एकदा बाटलीत भरून एसटीनं नांदेडला आणलं होतं. माझ्या प्रयोगशाळेत रांगेत उभे राहिले, मी समोर असताना. नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं, ‘शांतम्माचं शेत’. मी ते खोडून गट नंबर लिहिला होता, कारण नियम तसा आहे. काल तोच गट नंबर समोर आला, आणि खाली सहीची जागा. मी तुझ्या दाजींना म्हटलं, गाडी वळवा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. तेव्हा मुद्दाम आले नाही हे तुझं म्हणणं बरोबर आहे, आणि शब्दही मीच मोडला. ग्रुपवर काही लिहू नकोस. मीच लिहीन.

ता. क. तिसरं, आणि हेच खरं काम. सातबारावर माझं नाव आहे तसं राहू दे आणि तुझ्या चार एकरांची व माझ्या चार एकरांची मोजणी करून घेऊ. अर्ज मी भरून ठेवला आहे, तुझी सही लागेल. गाडी परत पाठवण्याचं वर लिहिलं आहे ते रद्द समजावं. तुझ्या वकिलानं पान तीनवर लिहिलं आहे की ही हक्कसोड ‘कोणताही मोबदला न घेता’ केली जात आहे. म्हणजे गाडीचा आणि जमिनीचा काही संबंध नाही, भावानं बहिणीला प्रेमानं दिली. प्रेमानं दिलेलं परत करणं बरं दिसत नाही.

पोच. लातूर, बुधवार, दुपारी एक. पत्र टपालानं न टाकता स्वतः आणलं, त्याच गाडीवर. गाडी एकदाही थांबली नाही, तुझे दाजी पाठ धरून चारदा थांबले. तू मिलमध्ये होतास, म्हणून घरी तुझ्या बायकोच्या, दामिनीच्या हाती दिलं ते असं: हे पत्र. मोजणीचा अर्ज, माझ्या सहीसह. हक्कसोड पत्राचा मसुदा, पानं पाच, सहीची जागा कोरी. विभूतीची पुडी एक, ती देव्हाऱ्यात ठेवावी, फेकू नये. दामिनीनं पानं मोजून घेतली आणि पत्र उभ्यानंच शेवटपर्यंत वाचलं. तिच्या भावानं तिला शुक्रवारी उदगीरला अशाच कागदावर सही करायला बोलावलं आहे, हे मला आज कळलं. या पोचेखाली तिनं सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, “अक्का, ह्या आठवड्यात माझी एवढीच सही.”