परतीचा भाग एक महिना चालतो

सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९. सकाळी १०:०५

लिनेटला ९:२४ वर बसवून आलो. क्रॉयडनला बहिणीकडे, बेव्हकडे जातेय. चार-आठ दिवस. हवापालट. मोठी बॅग कशाला, असं विचारलं तर म्हणाली, थंडीचे कपडे जाड असतात. बरोबर आहे.

तिकीट खिडकीवर तिने सिंगल मागितलं. सिंगल! सव्वीस वर्षं माझ्याबरोबर काढलेल्या बाईने! मी लगेच पुढे झालो. ऑफ-पीक, म्हणजे गर्दीची वेळ सोडून चालणारं स्वस्त तिकीट; त्यात सिंगल आणि रिटर्न यांत फरक फक्त एका पौंडाचा. सिंगल काढणारा माणूस एकतर अडाणी तरी असतो, नाहीतर परत न येणारा तरी. मी खिडकीतल्या ओवेनला म्हटलं, रिटर्न दे. ओवेन तिच्याकडे बघत राहिला. ती म्हणाली, दे बाबा, त्याला हवं ते दे.

दोन नारिंगी तिकिटं. जायचं आजच वापरायचं. परतीचा भाग एक महिना चालतो, म्हणजे बुधवार, १३ नोव्हेंबरपर्यंत. तेव्हा ती येणार हे नक्की, फक्त दिवस ठरायचा आहे.

गाडी हलली तेव्हा तिने हात केला. हातात तिकीट होतं. नीट जपून ठेव म्हणून मी खुणेने सांगितलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

परतीचे नियम काढून बसलो. लोक रेल्वेला शिव्या देतात, कारण लोक वाचत नाहीत. मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली, बत्तीस वर्षं बुटांच्या गोदामात माल मोजला. जे शिकलो ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचून. कुठल्या तिकिटाला कुठली गाडी चालते हे या गावात माझ्याइतकं कोणाला कळत असेल, तर त्याने पुढे यावं.

थोडक्यात असं. लंडनहून सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी ४:३० ते ७:०१ या वेळात सुटणाऱ्या गाड्यांना ऑफ-पीक चालत नाही. ती ऑफिस सुटायची वेळ. ७:०२ पासून चालते. शनिवार-रविवार सगळ्या चालतात. गंमत अशी की नेमकी साडेचारची गाडी सगळ्यांत सोयीची आणि तीच एका मिनिटाने बाद. लोक तिथेच फसतात.

लिनेट फसू नये म्हणून चालणाऱ्या गाड्यांचं कार्ड केलं. निळ्या शाईत. लॅमिनेट करून पोस्टात टाकलं.

रविवार, २० ऑक्टोबर

काल दिवसभर स्टेशनवर होतो. शनिवारी सगळ्या गाड्या चालत असल्याने सगळ्या बघाव्या लागतात. सकाळी ९ पासून लंडनच्या एकोणीस गाड्या आल्या. ती नव्हती. शनिवारी गर्दी फार, बसायला जागा मिळत नाही. तिने मुद्दाम टाळला असणार. शहाणी आहे.

ओवेनने विचारलं, फोन करून का नाही विचारत? म्हटलं, विचारायचं काय त्यात? तिकीट तिच्याजवळ आहे.

बुधवार, २३ ऑक्टोबर

सार्वजनिक वाचनालयात आजपासून माझा उपक्रम. दर बुधवारी ५ ते ७. पाटी: 'रेल्वे तिकिटे आणि वेळेचे निर्बंध. मोफत मार्गदर्शन.' मोठ्या टाइपातल्या पुस्तकांशेजारी टेबल मिळालं. दोन खुर्च्या. ग्रंथपाल बाईंनी एकच अट घातली, मोबाइल बंद. बंद म्हणजे बंद, मी म्हटलं, माझ्याकडून तक्रार यायची नाही.

एक आजोबा आले. त्यांना संडास कुठे ते हवं होतं. सुरुवात म्हणून ठीक.

लिनेटला हे अजून सांगितलेलं नाही. परत आली की थेट दाखवीन.

तिथून निघून ८:०४ ला स्टेशनवर. लंडनहून ७:०२ ला सुटणारी पहिली चालणारी गाडी आमच्याकडे ८:०४ ला येते. रोज हीच गाठतो. आज नऊ जण उतरले.

रविवार, २७ ऑक्टोबर

पहाटे घड्याळं एक तास मागे. ओव्हन, हॉल, बेडरूम, माझं मनगटी, सगळी सात मिनिटांत जुळवली. स्वयंपाकघरातलं राहिलं. ते लिनेट जुळवते. स्टुलावर चढते, मी खालून वेळ सांगतो. हात लावला नाही. आली की करील.

म्हणजे आज एक तास जास्तीचा मिळाला. दुपारभर त्याचं काय करावं ते सुचेना.

बुधवार, ३० ऑक्टोबर

वाचनालयात एक बाई आली. मुलीला बाळ झालंय, सकाळी लवकर निघायचंय. मी वही उघडली. ९:२४ च्या आधी ऑफ-पीक का चालत नाही, स्टेशनागणिक वेळ का बदलते, वाटेत उतरलं तर काय होतं, सगळं क्रमाने सांगितलं. वीस मिनिटं. ती म्हणाली, अहो, मला फक्त लवकर पोचायचंय हो. म्हटलं, मग तुम्हाला साधं पूर्ण भाड्याचं तिकीट लागेल, ते कुठल्याही गाडीला चालतं. उठून म्हणाली, हे आधी सांगायचंत की!

आधी सांगितलं असतं तर बाकीचं समजलं असतं का?

८:०४: सहा जण.

रविवार, ३ नोव्हेंबर

बेव्हचा फोन. मी 'हॅलो' म्हणायच्या आत, काय रे चालत्या-बोलत्या टाइमटेबला, अशी सुरुवात. मी दुर्लक्ष केलं. म्हटलं, कार्ड मिळालं का? म्हणाली, मिळालं, तुझी बायको ते बघून हसली आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसली. लिनेटने तिकडे एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम धरलंय म्हणे. म्हटलं, तात्पुरतं. बेव्ह म्हणाली, क्लाइव्ह, तिकिटाचं सोड. ती का आली ते तुला खरंच कळत नाही का?

मग जुनं उकरलं. बाबांचं. वाटलंच होतं.

एकदाचं सगळं लिहून ठेवतो. ऑगस्टमध्ये लिनेटचे वडील गेले. अंत्यविधी क्रॉयडनला, मंगळवारी, सकाळी ११ वाजता. आता मला सांगा, अकराचा विधी कोण ठेवतं? ९:२४ ही पहिली ऑफ-पीक, ती लंडनला १०:२६, पुढे लंडन ओलांडून क्रॉयडन. मी त्यांना लेखी कळवलं होतं की १२ केलं तर सगळ्यांच्या सोयीचं. कोणी ऐकलं नाही. लिनेट म्हणाली, ६:५० ची घेऊ. ६:५० ला भाडं दुपटीहून जास्त. पैशाचा प्रश्न नव्हता, तत्त्वाचा होता. मी हिशेब करून दाखवला, अमुक ठिकाणी पळत गाडी बदलली तर ११:०६ ला दारात. पण लिनेटला त्या बुटांत पळता येत नव्हतं. आम्ही ११:३४ ला पोचलो. तिथल्या हॉलमध्ये एकेका विधीला अर्ध्या तासाचीच वेळ मिळते. माणसं बाहेर येत होती. फुलं काढून पुढच्यांची फुलं ठेवत होते.

  परतीच्या गाडीत मी विचारलं, खिडकीपाशी बसतेस का? मान हलवली. म्हणजे राग नव्हता.

बेव्हला हे समजावणं व्यर्थ. ती मोटारीने फिरते.

बुधवार, ६ नोव्हेंबर

वाचनालय: कोणी नाही. पाटीला खाली जाड रेघ मारली.

८:०४: चौदा. एकीचा कोट लिनेटच्या उंटरंगी कोटासारखाच. दुसरीच निघाली. ती माझ्याकडे बघून हसली, मी वेळापत्रक बघितलं.

परतीच्या भागाचे सात दिवस उरले. नियमात सवलतीची तरतूद आहे का ते पाहिलं. आजारपण वगैरे असेल तर. बहिणीकडे राहणं त्यात बसत नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर. रात्री ८:१५

फोन! तिचाच. शब्दशः उतरवून ठेवतो.

म्हणाली, कसा आहेस? म्हटलं, बरा आहे. जेवतोस ना? म्हटलं, बीन्स. म्हणाली, रोज? म्हटलं, टोस्ट बदलतो. ती हसली. फार दिवसांनी ऐकलं.

मग म्हणाली, बुधवारी दुपारनंतर सुट्टी आहे मला. साडेचारची पकडीन म्हणते.

 बुधवार म्हणजे १३ तारीख. शेवटचा दिवस, पण नियमात बसणारा. म्हटलं, ये, जरूर ये, पण साडेचारची नाही.

म्हणाली, नाही?

मी सांगितलं, साडेचारची चालत नाही, तुझं तिकीट ऑफ-पीक आहे, ७:०२ ला बस, ८:०४ ला मी प्लॅटफॉर्म तीनवर आहे. कार्डावर वरून चौथी ओळ.

 म्हणाली, क्लाइव्ह, मी येते म्हणतेय रे. म्हटलं, हो, म्हणूनच सांगतोय. म्हणाली, आणखी काही सांगायचं नाही तुला? मी आठवून पाहिलं. म्हटलं, शनिवारी असतीस तर कुठलीही चालली असती.

बरं, म्हणाली. ठेवते.

तिला पटलं. आवाजावरून कळतं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

घर झाडून काढलं. तिच्या बाजूची उशी नवीन अभ्र्यात. दूध, अंडी, तिला आवडतात ती आल्याची बिस्किटं. स्टुल स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली आणून ठेवलं.

काय बोलायचं तेही ठरवलं. ऑगस्टबद्दल. 'मला वाटतं, ६:५० चा विचार व्हायला हवा होता.' तीनदा म्हणून पाहिलं. शेवटी गाळून टाकलं. ते सावकाश, आठवड्याभरात.

बुधवार, १३ नोव्हेंबर. संध्याकाळी ४:१०

पाऊस. वाचनालयात निघालो. उपक्रम रद्द करण्याचं कारण नाही, तिची गाडी ८:०४ ला. तिथून परस्पर स्टेशनवर जाईन. थर्मास भरून घेतलाय, दोन चमचे साखर. मोबाइल बंद केला.

७:३५. स्टेशन, प्लॅटफॉर्म तीन

वाचनालयात कोणी नाही. सव्वासातला निघालो.

एक नोंद. आता पूल उतरत असताना समोर प्लॅटफॉर्म एकवरून ७:३१ ची लंडनला सुटली. तिसऱ्या डब्यात खिडकीशी उंटरंगी कोट, डोकं काचेला टेकलेलं. मला वाटलं लिनेट. हातही वर गेला. मग विचार केला. लिनेट या क्षणी ७:०२ मध्ये आहे, एकोणतीस मिनिटं झालीत, ती उलट दिशेच्या गाडीत असूच शकत नाही. हात खाली घेतला. डोळे तपासून घ्यायला हवेत.

चहा अजून गरम आहे.

८:१२

गाडी ८:०६ ला आली. अकरा जण. पुन्हा मोजले. अकराच.

७:०२ चुकली असेल. पुढची ९:०४. मधल्या वेळात घरी जाऊन कोरडे मोजे घालतो.

८:४५. घर

दारातल्या जाजमावर ओल्या चाकांच्या दोन रेघा. मोठ्या बॅगेचीच चाकं, डावं थोडं घासतं. जिन्याच्या पायथ्यापर्यंत गेल्यात. तिथे पाणी साचलंय, म्हणजे बॅग बराच वेळ उभी होती. मग तिथून परत दारापर्यंत.

ओट्यावर एक कप, धुऊन पालथा. बिस्किटांचा पुडा उघडलेला, एक कमी.

टेबलावर घराची किल्ली. तिच्याखाली नारिंगी तिकीट, परतीचा भाग, न वापरलेला. आणि कागद.

'साडेचारचीच घेतली. पूर्ण भाडं देऊन. सहाला दारात होते. वाटलं, तू घरी असशील. दोनदा फोन केला. सव्वासातपर्यंत थांबले. लि.'

मोबाइल चालू केला, तिचे दोन फोन येऊन गेलेले: ५:५५ आणि ६:४०.

सव्वासातला मी वाचनालयाच्या पायऱ्या उतरत होतो.

स्वयंपाकघरातलं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय. स्टुल जागेवर नाही, भिंतीशी सरकवून ठेवलंय.

बेव्हकडे फोन केला. बेव्ह म्हणाली, अजून पोचली नाही. मग नेहमीसारखं काही बोलेल म्हणून वाट पाहिली. नुसतं म्हणाली, अरे क्लाइव्ह.

निश्चय: उद्या ६:५०. पूर्ण भाडं. हिशेब न करता.

गुरुवार, १४ नोव्हेंबर. सकाळी ६:३५. स्टेशन

दाढी केली. टाय लावला. खिडकी उघडली, ओवेन म्हणाला, साहेब, आज एवढ्या लवकर? म्हटलं, क्रॉयडन. म्हणाला, सिंगल की रिटर्न?

 मागे दोघं उभे होते. म्हटलं, यांचं आधी होऊ दे.

६:४४. बाकावर

विचार केला तर ६:५० ने मी साडेआठला बेव्हच्या दारात. लिनेट तेव्हा कामावर. बेव्ह दार उघडणार. ९:२४ ने गेलो तरी लिनेटच्या जेवणाच्या सुट्टीआधी पोचतोच. ओवेनही म्हणाला, घाई आहे का हो? म्हटलं, तशी नाही. तो म्हणाला, साहेब, चढा हो, तिकीट मी आणून देतो. म्हटलं, तिकिटाशिवाय चढता येत नाही.

कालचं तिकीट खिशात आहे. आज पहाटे ४:२९ पर्यंत चाललं असतं, रेल्वेचा दिवस तिथे संपतो.

६:५१

६:५० वेळेवर सुटली. डब्यांत पुष्कळ जागा होती. ९:२४ ला अजून दोन तास तेहतीस मिनिटं.