‘मांस तुमचं, हाडं आमची’ हा शब्द मागे घेणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
निवासी क्रीडा विद्यालय (मुलींची कुस्ती)

अर्जदार : मुमुन सालिएव्ह, माजी पैलवान, हल्ली मधमाश्या पाळतो.
मु. चामुर्ली, लुदोगोरिये, बल्गेरिया.

विषय : नात सिबेल (वय १४) हिला सोपवताना उच्चारलेले वाक्य रद्द समजून तिला घरी सोडणेबाबत.
संदर्भ : दि. १५ सप्टेंबर रोजी आपल्या फाटकात दिलेला तोंडी शब्द. (लेखी काही नाही.)

महोदय,

सविनय कळविण्यात येते की, सिबेलचे आईवडील जर्मनीत कामाला असल्याने तिचा सांभाळ अर्जदार व त्याची पत्नी करतात. आमच्या तुर्की घरांत मूल गुरूच्या हवाली करताना एक वाक्य बोलण्याची रीत आहे. अर्जदाराच्या वडिलांनी ते अर्जदाराच्या वस्तादांना म्हटले होते. त्याच रीतीने अर्जदाराने मधाची बरणी पुढे करून प्रशिक्षक श्री. कामेन दोचेव्ह यांना म्हटले, “वस्ताद, मांस तुमचं, हाडं आमची.” म्हणजे हवे तेवढे कडक वागा, पण पोर धडधाकट परत द्या. श्री. दोचेव्ह हसले, त्यांनी हात मिळवला. मधही घेतला.

सदर प्रशिक्षकांनी सिबेलवर कधी हात उगारलेला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. ते फक्त बोलतात. रोज न्याहारीआधी मुलींना वजनकाट्यावर चढवतात आणि सिबेलची पाळी आली की म्हणतात, “या, भोपळाबाई आल्या!” ती जिंकली तर, “समोरची आजारी असेल.” हरली तर दिवसभर तिच्याशी कोणी बोलायचे नाही, असा इतर मुलींना हुकूम. अर्जदाराच्या वस्तादांचाही हात जड होता, अर्जदाराचा डावा कान त्याची साक्ष आहे. पण संध्याकाळी तेच वस्ताद शेजारी बसवून आपल्यातला पाव मोडून देत.

रविवारी घरी आली की पोर ताटाकडे बघत नाही. आजीने केलेला चीजचा बोरेक ती गुपचूप कुत्र्याला घालते. कुत्रा लठ्ठ होत चालल्याचे अर्जदाराच्या फार उशिरा ध्यानात आले. गेल्या रविवारी अंगणात चक्कर येऊन ती पडली व उजवे मनगट मोडले. सोमवारी अर्जदार श्री. दोचेव्ह यांना भेटला असता ते म्हणाले, “आजोबा, मांस माझं, हाडं तुमची, असंच ठरलं होतं ना? मग हाडाचं तुम्ही बघा.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मंगळवारी तिला प्लास्टरसकट काट्यावर उभे केले व प्लास्टरचे वजन वजा केले नाही.

अर्जदार तिला न्यायला आला नाही, असे नाही. “चल घरी,” म्हटले. ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही शब्द दिलाय. मी पळून आले तर तुमचं नाव जाईल.” आणि आत निघून गेली. महोदय, ती माझे ऐकत नाही, मी दिलेल्या शब्दाचे ऐकते. मला हे सहन होत नाही.

सबब, उद्या सकाळी वजनाच्या वेळी सर्व मुलींसमोर पुढील मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, ही कळकळीची विनंती : “मुमुन सालिएव्हने आपला शब्द परत घेतला आहे. तो चुकला. मांसही त्याचं, हाडंही त्याचीच. सिबेल, घरी चल.”

दिलेला शब्द फिरवणाऱ्या म्हाताऱ्याला आमच्या कॉफीखान्यात कोणी शेजारी बसू देत नाही, याची अर्जदारास कल्पना आहे. घरी बसून कॉफी पिईन. मध परत नको.

आपल्या उत्तरासाठी फाटकाबाहेरच्या बाकावर बसलेला,
मुमुन सालिएव्ह
दि. २ डिसेंबर

सोबत :
१. मनगटाच्या एक्स-रेची प्रत.
२. सिबेलचा गेल्या हिवाळ्यातला कोट. बाहेर थंडी आहे, सोडताना घालावा. यंदा घट्ट होईल म्हणून आजीने वाढवायला काढला होता. रविवारी मापाला घातला, तर चार बोटे आत घ्यावा लागला.