पहिल्या घराचा खांदा

ब्रांडेकिल, १४ नोव्हेंबर १८४६

प्रिय तेउनिसदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तिकडे मिशिगनला एव्हाना बर्फ पडला असेल. इकडे गव्हाची पेरणी उरकली, तांबडी गाय व्याली. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो. देवाची कृपा आहे.

आपले जमीनदार यॉस्ट व्हान लेरडॅम गेले. दोनशे वर्षांची जहागीर, आणि मागे ना मूल ना पुतण्या. जमीन आता वकील विकतील म्हणतात. अखेरच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं होतं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हार्मेन, मला उचलेल कोण रे?"

"शेजार उचलतो मालक. रीतच आहे."

त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

मयताची आमंत्रणं चर्चतर्फे अजून मीच देतो. काळी टोपी घालून दारोदार फिरलो. आपल्यात न बोलावता कुणी येत नाही. या वेळी बोलावूनही कुणी येईना. वाउटरने दार अर्धंच उघडलं. "दरसाल खंडात चार पुष्ट कोंबड्या घेतल्या ना म्हाताऱ्यानं? त्यांनाच सांग खांदा द्यायला!" आतून त्याची बायको ओरडली, "मयताला वाटतात ती बिस्किटं तेवढी धाडून दे हो!" मला हसू आलं, मग लाज वाटली.

शेवटी पाच जण आले, वाउटरही आला. प्रेत किती दिवस घरात ठेवणार, म्हणून. पण पेटीला कुणी हात लावेना. उशाकडचा खांदा पहिल्या, म्हणजे सगळ्यात जवळच्या घराचा. त्याने धरल्याशिवाय दुसऱ्याने धरायचं नाही. आणि जवळचं घर म्हणजे तुझं.

"पहिलं घर कुठाय?" वाउटर म्हणाला. "खंड थकला म्हणून यानंच शेरीफची माणसं आणून रिकामं केलं. पडू दे आता इथंच." तो टोपी घालून निघालाच होता.

इथवर लिहून मी उठलो, शेगडीत लाकूड सारलं, परत बसलो.

दादा, मी म्हणालो, "पहिलं घर हजर आहे. तेउनिसच्या जागी त्याचा भाऊ."

"त्याला विचारलंस?" वाउटर दारातून वळून म्हणाला.

मी उशाशी जाऊन पेटी धरली. मग बाकीच्यांनीही धरली.

टेकडीची वाट तुझ्या ग्रीटच्या कबरीजवळून जाते. तुम्हाला घराबाहेर काढलं त्या थंडीत, गाडीतच लेकराचा श्वास थांबला होता. आणि आता तिच्या शेजारून तोच माणूस तुझ्या नावाच्या खांद्यावर चालला होता. "बघू नकोस, चालत राहा," वाउटर मागून हळूच म्हणाला. मी बघितलं.

खड्ड्यापाशी सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. 'जसे आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही क्षमेची ओळ आली तेव्हा मी गप्प राहिलो. खांदा मी तुझ्या नावाने दिला. क्षमा देण्याचा अधिकार मला नव्हता. ती ओळ तुझ्याकडून यायची राहिली आहे. न आली, तरी देवापुढे मी तुझ्याच बाजूला उभा राहीन.

तुला न विचारता तुझ्या जागी उभा राहिलेला,
हार्मेन