पाचव्या शिळेचा एकमेव साक्षीदार

ग्लेनवारा खोरे,
सोमवार

तीर्थस्वरूप मॅलाकीमामा यांसी, भाचा कोल्मन याचा, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या अवस्थेत, सविनय प्रणिपात.

आपली प्रकृती कशी आहे? श्वास नियमित चालतो ना? क्षुधा, निद्रा, नाडी? ही पृच्छा केवळ शिष्टाचारापोटी नाही. गेल्या दोन दिवसांत आपल्या प्रकृतीस इकडे असाधारण सार्वजनिक महत्त्व प्राप्त झाले आहे. आपण तिकडे गॉलवे शहरी फोन उचलत नाही (आपले श्रवणयंत्र बिस्किटांच्या डब्यात विश्रांती घेत असते, हे मी जाणतो) आणि आपली कन्या नोरीन स्पेनला उन्हात पडलेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपणांस विदित आहेच की, दर शनिवारी सकाळी दहा वाजता मी जिज्ञासू जनांस आपल्या खोऱ्यातील पाच प्राचीन स्मारकांची पदयात्रा घडवतो. पहिली चार विद्वन्मान्य असली तरी दिसायला दगडांचे ढीग आहेत. यात्रेचा प्राण म्हणजे पाचवे स्मारक : पॅकी लॅव्हेलच्या कुरणातील एकाकी उभी शिळा. तिथे मी टोपी काढतो, पूर्वेकडे हात करतो, आणि चार सहस्र वर्षांपूर्वी वर्षातील सर्वांत लहान दिवशी सूर्याचा पहिला किरण तिच्या मस्तकी कसा पडे, याचे वर्णन करतो. मागल्या वर्षी एक जर्मन दाम्पत्य तिथे रडले. (पती अधिक.)

सांप्रत जिल्ह्याच्या माहितीपत्रिकेत एकाच पदयात्रेस स्थान मिळायचे आहे : आमच्या, नाहीतर शेजारच्या खोऱ्यातल्या (जिथे स्मारके तीनच, पण शेवटी गरम सूप देतात). पत्रिकेत नाव आले नाही, तर पुढल्या वर्षापासून मी पूर्वेकडे हात करून गाईंशीच बोलणार. परीक्षणार्थ शनिवारी डॉ. ओर्ला किनेव्हन या पुरातत्त्वविदुषी आल्या. पाऊस आडवा होता. तरी चार स्मारके निर्विघ्न पार पडली. पाचव्यापाशी माझा हात पूर्वेकडे गेला, आणि फाटकावर रेललेला पॅकी म्हणाला, "काय रे कोल्मन, मॅलाकीचा दगड दाखवतोस होय?"

मी ऐकले नाही. विदुषींनी ऐकले. "कुणाचा दगड?"

"मॅलाकीचा हो बाई, ह्याच्या मामाचा! एकसष्ट साली आमच्या तांबड्या गाईला खाज सुटली, तिनं अंग घासून घासून फाटक मोडलं. मग मॅलाकीनं कुठून तरी हा आणून रोवला. दोर मी धरला होता. बघा की, कसा गुळगुळीत झालाय!"

त्याच क्षणी एक गाय सावकाश पुढे आली आणि माझ्या चार सहस्र वर्षांना पाठ घासू लागली.

विदुषी मात्र चिखलात गुडघे टेकून बसल्या. पायथ्याचे गवत बाजूस सारताच शिळेवर वर्तुळाकार कोरीव रेषा निघाल्या. त्यांचे मत असे की, ही शिळा टेकडीवरच्या दफनगृहातून आणलेली असेल, तर ते त्याचे हरवलेले द्वार, आणि आमचे खोरे निर्विवाद प्रथम; तसे सिद्ध झाले नाही, तर पाचवे स्मारक बाद आणि यात्राही बाद. "हे मॅलाकी भेटतील का?" त्यांनी विचारले.

मामा, प्राचीन दफनगृहाचे द्वार उपटणे हा दंडनीय अपराध आहे. केवळ आपल्या रक्षणार्थ मी मान खाली घालून म्हणालो, "मामा वारले हो."

पॅकीने तत्काळ टोपी काढली. आपल्या खोऱ्यात कुणाला पॅकीसमक्ष मारले की त्याला पुन्हा जिवंत करता येत नाही, हे मला उशिरा स्मरले. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगणात अकरा मोटारी, टेबलावर हॅम सँडविचचे सात थाळे, आणि हवामानानंतर रेडिओवरील निधनवार्तांत आपले नाव. काल फादर क्विर्क यांनी वेदीवरून आपल्या आत्म्यास शांती मागितली. आपण फोन उचलत नाही, याचाही अर्थ लोकांनी आपल्या परीने लावला. आपण इथे राहत असताना कुंपणावरून ज्यांच्याशी आपला तीस वर्षे अबोला होता, त्या टायमनबाईंनी सर्वांत मोठा सफरचंदाचा टार्ट आणला आणि माझा हात धरून म्हणाल्या, "वाईट झालं रे बाबा. भांडायला आता उरलं कोण?" मी खरोखर रडलो. आपण इतके सज्जन होतात, हे मला आजवर कुणी सांगितलेच नव्हते.

आपला आज्ञाधारक आणि शोकाकुल,
कोल्मन

ता. क. : शिळा नेमकी कुठून आणली, तेवढे दोन ओळींत कळवण्याची कृपा व्हावी. पत्रावर दिनांक मागल्या महिन्याचा घालावा.

ता. क. दुसरा : दफनगृहातून आणली असल्यास संकोच नसावा. मृतावर खटला चालत नाही, असे सार्जंटने काल माझ्याच स्वयंपाकघरात तिसरे सँडविच खाताना सांगितले.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार इतक्यात पॅकी येऊन गेला. त्याने गुरुवारची बस ठरवली आहे. त्रेपन्न माणसे आपल्या अंत्यविधीसाठी गॉलवेला, थेट आपल्या दारी येत आहेत. पुढच्या आसनावर डॉ. ओर्ला, वहीसह. तेव्हा लिहिण्याचे कष्ट नकोत. दार स्वतःच उघडावे आणि पहिल्याच वाक्यात दगडाचे मूळ सांगून टाकावे; दुसरे वाक्य ऐकायला कुणी शुद्धीवर असेलच असे नाही.